उरलेला पाहुणा

मंगलाने सकाळी दाराला टेकून हळूच विचारलं, "अजी, तुमचे मामा कधी जाऊन राहिले?" मी आरशासमोर अर्ध्या गालाला साबण लावून उभा होतो. म्हटलं, कोणते मामा? तिने डोळ्यांनीच अंगणाकडे दाखवलं. अंगणात खाटेवर तो म्हातारा बसला होता, उन्हाकडे पाठ करून, आणि चहाची बशी दोन्ही हातांत धरून फुंकर घालत होता. मी म्हटलं, ते माझे मामा कुठले, ते तर तुझ्या माहेरचे ना? यावर मंगला माझ्याकडे बघतच राहिली. एवढ्या वर्षांच्या संसारात तिने मला पुष्कळदा मूर्ख ठरवलं आहे आणि त्याची मला सवय आहे, पण या वेळी तिच्या डोळ्यांत माझ्या मूर्खपणाबद्दल काहीच नव्हतं, नुसती भीती होती. तिने डोक्यावरचा पदर सावरला, मग तो कोणासाठी सावरतो आहोत हेच न कळून सोडून दिला. घरात एक माणूस गावच्या मंडईच्या जत्रेपासून राहतो आहे, जेवतो आहे, झोपतो आहे आणि तो आमच्यापैकी कोणाचाच नाही, हे आम्हा दोघांना एकदमच कळलं. साबण गालावर वाळून ओढायला लागला तरी मी तसाच उभा होतो.

बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर तो म्हणेल, भांग पिऊन बसला होता का दोघं? पण आमच्याकडची मंडई ज्याने पाहिली आहे तो असं म्हणणार नाही. दिवाळी सरली की गावोगाव मंडया भरतात, ज्याच्या त्याच्या गावाचा दिवस ठरलेला, आणि त्या दिवशी गावातलं एकेक घर पाहुण्यांनी फुगतं. लेकी येतात, जावई येतात, जावयाचे दोस्त येतात, दोस्तांनी सोबत आणलेला आणखी कोणी येतो. चौकात दंडारीच्या नाचगाण्याचा ढोल घुमत असतो, ओसरीवर चपला मावत नाहीत, चुलीवरचं भांडं उतरत नाही. अशा वेळी पाहुण्याला 'तुम्ही कोण' म्हणून विचारणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं. पाणी द्यायचं, पाया पडायचं, पानावर बसवायचं. नातं मागाहून कळतं, नाही कळलं तरी कोणाचं अडत नाही. हा म्हातारा कधी आत आला ते कोणी पाहिलं नाही. मी पाहिलं तेव्हा तो पंगतीत बसला होता आणि मंगला डोक्यावर पदर घेऊन त्याला वाढत होती, म्हणून मी समजलो तिच्या माहेरचं वडीलधारं माणूस, आणि पंगत उठल्यावर त्याच्या पाया पडलो. मंगलाने मला पाया पडताना पाहिलं, म्हणून ती समजली माझ्या आजोळचा कोणी असणार, आणि तिने पदर आणखी पुढे ओढला. तिच्या पदरामुळे मी वाकत होतो आणि माझ्या वाकण्यामुळे तिचा पदर उतरत नव्हता. पाहुणे गेले, चौकातली दुकानं उठली, म्हातारा राहिला. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं, असं मी मनात म्हणत होतो आणि सासरच्या माणसाला जा कसं म्हणावं म्हणून गप्प होतो. मंगलाही नेमकी त्याच कारणाने गप्प होती.

साबण धुऊन मी अंगणात गेलो. नाव विचारलं. तो म्हणाला, "मी का?" आणि हसला. गाव विचारलं तर हाताने रस्ता दाखवला. आमचं गाव भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या पुढे, हायवे सोडून आत. त्या रस्त्याने जग येतं नि जातं, त्यात एक गाव कसं ओळखायचं? खिशात काही नव्हतं. अंगावर तर माझाच सदरा होता. मंगलाने त्याचे कपडे धुवायला घेतले तेव्हा ते इतके विरलेले निघाले की तिने जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बाईला ते देऊन टाकले होते. आमची खुशबू कॉलेजात जाते, तिने त्याचा फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, यांना कोणी ओळखता का? त्यावर पटापट अंगठे आले, हात जोडलेले आले, मंडईच्या शुभेच्छा आल्या. एकाने लिहिलं, हे तुझ्या बाबांचे तुमसरचे काका ना? तेव्हा खुशबूही घाबरली. पोलीस पाटलाला फोन केला तर तो त्याच्या सासऱ्याच्या गावच्या मंडईला गेलेला. मागे ढोल वाजत होता. तो ओरडून म्हणाला, मारामारी नाही, आग नाही, मग एकशेबारावर करू नका, ठाण्याच्या फोनवर करा, नंबर पाठवतो. आणि त्याने नंबर पाठवलाही, त्या गर्दीत त्याने तेवढं केलं.

मी ओसरीवर बसून फोन लावला. पुष्कळ वेळ घंटी वाजली. उचलणाऱ्याने विचारलं, "अर्जंट आहे का?" मी अंगणाकडे पाहिलं. म्हातारा आता बशी पालथी घालून तिच्यावर बोटं फिरवत होता. ज्याचा चहा नुकताच झाला आहे त्याला अर्जंट कसं म्हणायचं? म्हटलं, अर्जंट नाही साहेब, पण... "मग थांबा न जी," तो म्हणाला आणि रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मी भंडाऱ्याच्या एसटी डेपोत चौकशीच्या खिडकीत बसतो, दिवसभर लोकांना थांबा म्हणतो, त्यामुळे थांबा या शब्दाच्या पोटात काय काय असू शकतं ते मला चांगलं ठाऊक आहे. गाडी येतेच आहे यालाही थांबा म्हणतात, आणि गाडी रद्द झाली आहे पण ते सांगायची हिंमत नाही यालाही थांबाच म्हणतात. टेबलावरच्या त्या रिसीव्हरमधून ठाण्याची सगळी खोली माझ्या कानात येऊ लागली. पंखा घरघरत होता. वायरलेस मधेच खरखरायचं आणि गप्प व्हायचं. कोणीतरी बंदोबस्ताला कोण कोण गेलं ते विचारत होतं. जिल्हाभर मंडया, तेव्हा माणसं सगळी बाहेर. एक बाई मोठ्याने रडत होती, मग तिला पाणी दिलं असावं, कारण पेल्याचा आवाज आला आणि रडणं थांबलं. मी श्वाससुद्धा हळू घेत होतो, जणू चोरून ऐकताना मीच पकडला जाईन. मग कोणाचा तरी हात लागला असेल, फोन कट झाला.

पुन्हा लावला. या वेळी दुसराच आवाज, पुन्हा पहिल्यापासून. साहेब, आमच्या घरी मंडईला एक पाहुणा आला होता, तो आमचा नाही. मग कोणाचा? ते माहीत नाही. मग ठेवून कायले घेतला? थांबा. मी थांबलो आणि माझंच वाक्य मनात उलटसुलट करून पाहू लागलो. जितकं नीट सांगायला जावं तितकं ते खोटं वाटत होतं. इतके दिवस अनोळखी माणूस घरात ठेवला आणि आज सांगतो? त्याचे कपडे कुठे आहेत? भांड्यावर दिले. म्हणजे पुरावा नष्ट केला. उद्या याच्या नावावर कुठे जमीन निघाली, याचे नातलग आले आणि म्हणाले, म्हाताऱ्याला डांबून अंगठे घेतले, तर मी काय उत्तर देणार होतो? शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, ठाण्याच्या फोनबद्दल कोणी काही सांगून ठेवलेलं नाही. मंगला दोनदा येऊन बघून गेली आणि मी दोन्ही वेळा तिला उगाच खुणेने सांगितलं, बोलतो आहे.

असाच मी एकदा थांबलो होतो. जिल्हा फुटला त्या वर्षी. बाबांना, म्हणजे गोमाजींना, मंडयांचा भारी नाद. माझी आत्या उन्हाळ्यापर्यंत आमच्याच जिल्ह्यात राहत होती, मग तिचं गाव गोंदिया जिल्ह्यात गेलं, घर मात्र होतं तिथेच राहिलं. बाबांना त्याची मोठी गंमत वाटायची. त्या दिवाळीनंतर आत्याच्या गावच्या मंडईला निघताना खांद्यावर दुपट्टा टाकून म्हणाले, आता बहिणीकडे जायलाही परजिल्ह्यात जावं लागतं. ते आत्याकडे पोचले, जेवले, दंडार पाहिली, परतीला निघाले, इथपर्यंत सगळं कळतं. पुढचं कोणालाच कळलं नाही. इथल्या ठाण्यात म्हणाले, तिथून हरवले ना, मग तिकडे सांगा. तिकडे म्हणाले, राहणारे तिकडचे ना, मग तिकडेच सांगा. मी कवडूच्या एसटीडी बूथमध्ये काचेच्या खोलीत उभा राहून दोन्हीकडे फोन लावायचो, आणि दोन्हीकडे थांबा म्हणायचे. कवडू भला माणूस, त्याने स्वतःचा टेबलफॅन माझ्याकडे वळवून ठेवला होता. सगळ्यांची दप्तरं वेगळी होत होती, कोणती गावं कोणाकडे गेली हे त्यांनाही शोधावं लागत असणार. आता मी हे समजुतीने म्हणतो, तेव्हा मला सगळ्यांचे गळे धरावेसे वाटत होते. अखेरीस तक्रार लिहून घेतली गेली, पण तोपर्यंत दंडारीची पोरंही विसरून गेली होती की असा एक म्हातारा पुढच्या रांगेत बसून होता. आई मरेपर्यंत कुंकू लावत राहिली. तिला कोणी पुसायला सांगितलं नाही आणि लावायलाही सांगितलं नाही.

तेव्हापासून मी बाबांना कुठे कुठे पाहिलं नाही! विहिरीत पाहिलं, रुळांवर पाहिलं, नाकाडोंगरीच्या जंगलात वाघाने ओढून नेताना पाहिलं. डेपोत कोणी म्हणालं की अमुक ठिकाणी एक बेवारस सापडला, की माझा हात शिक्क्यावर तसाच थांबायचा. मन चिंती ते वैरी न चिंती. पण इतक्या वर्षांत मी त्यांना कोणाच्या अंगणात खाटेवर बसून बशीतला चहा फुंकताना एकदाही पाहिलं नव्हतं. ते आज पहिल्यांदा दिसलं, आणि फोन कानाला तसाच असताना माझ्या डोळ्यांना पाणी आलं. असंही झालं असेल. परतीच्या वाटेवर दुसऱ्या एखाद्या गावची मंडई लागली असेल, नाद तर होताच, बाबा शिरले असतील एखाद्या घरात, आणि तिथल्या बाईने पदर घेतला असेल आणि नवऱ्याने पाय धरले असतील. पण मग बाबांची शुद्ध जाग्यावर होती, ते बोलते होते, त्यांनी घर का सांगितलं नाही? की वाटेत काही झालं, पडले, डोक्याला लागलं? आणि त्या घरातल्या माणसाने ठाण्यात कळवलं का नाही? त्या न पाहिलेल्या माणसाचा मला एवढा संताप आला की मी ओसरीवर उठून उभा राहिलो. मग मनात आलं, त्यानेही कळवलं असेल. त्यालाही थांबा म्हटलं असेल. मी एका बूथमध्ये थांबलो होतो आणि तो दुसऱ्या बूथमध्ये, आणि आमच्या दोघांच्या मधे कोणी फक्त दोन फोन एकमेकांना लावून द्यायला हवे होते.

आणि मग जे सुचलं त्याने अंगावर काटाच आला. ठाण्याला फोन एक. मी कानाला लावून बसलो आहे तोवर तो फोन मीच अडवून ठेवला आहे. या म्हाताऱ्याचा मुलगा कुठेतरी, तुमसरला नाहीतर आणखी कुठे, हाच नंबर लावत असेल आणि त्याला लाइन व्यस्त ऐकू येत असेल. त्याचा बाप माझ्या अंगणात आहे, आणि त्याची वाटही मीच अडवली आहे! मी घाईघाईने फोन ठेवला. ठेवल्यावर हलकं वाटलं. आता तो लावील, त्याला मिळेल. मग वाटलं, मिळाला तरी ठाण्यातला माणूस त्याला काय सांगणार? मी कळवलंच कुठे आहे? त्याला सांगतील, अशी काही खबर नाही. म्हणजे मी लावला तर त्याचा अडतो आणि नाही लावला तर त्याच्या हाती काही लागत नाही. मी परत लावला, दोनदा घंटी वाजताच घाबरून तोडला, परत लावला. खुशबू बाजूला बसून हे बघत होती. ती म्हणाली, "बाबा, तुमी करून काय राहिले?" तिला काय सांगू?

म्हाताऱ्याचं मात्र सगळं बरं चाललं होतं. खाटेवरून उठून त्याने कोंबड्यांना हुसकलं, आंब्याची पडलेली पानं एका बाजूला केली, पुन्हा बसला. या दिवसांत त्याची एक सवय मला लागली होती आणि ती लागली आहे हे मला तेव्हाच, फोन धरून बसलेलं असताना, कळलं. मी ड्यूटीवरून आलो की तो खाटेवरून म्हणायचा, "आले का?" बस, एवढंच. बाकी हो, नाही, जेवलो, राहू दे. पण 'आले का' तो रोज म्हणायचा, आणि मंगलाच्या माहेरचा हा म्हातारा कधी जाईल असं मनात चडफडत असतानाही मी शहापूरच्या फाट्यावर उतरलो की पाय उचलून चालायचो. घरात बायको आहे, पोरगी आहे, दोघीही जीव लावतात. पण मी आल्याचं कोणी मोठ्या माणसाने मोजलं नव्हतं बाबा गेल्यापासून. आता कोणी फोन उचलील, गाडी येईल, म्हाताऱ्याला बसवून नेतील आणि कुठल्या तरी आश्रमाच्या लोखंडी पलंगावर ठेवतील, घर सापडेपर्यंत. घर सापडलं तर सोन्याहून पिवळं. नाही सापडलं तर? मी ठरवलं की विचार करायचा नाही, आणि विचार करत बसलो.

दुपारी ठाण्यातून नीट उत्तर आलं. हवालदाराचा आवाज थकलेला होता पण त्याने ऐकून घेतलं. मी सगळं सांगितलं, मंडई, पदर, पाया पडणं, भांडेवाली. तो मधे एकदा हसलासुद्धा. मग म्हणाला, बुढ्याले द्या फोन, पाहू त्याच्याच तोंडून काही निघते का. मी अंगणात जाऊन फोन म्हाताऱ्याच्या कानाला लावला आणि मला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. पलीकडून हवालदाराने विचारलं, बाबाजी, कुठे आहा तुमी?

म्हाताऱ्याचा चेहरा एकदम उजळला. फोन घरून आला आहे असंच त्याला वाटलं असणार. दोन्ही हातांनी फोन धरून तो म्हणाला, "मी बरा आहो. पोराच्या घरी आहो ना. जेवतो, झोपतो. सून लय चांगली हाय. तुमी कायले काळजी करून राहिले?" इतकं तो आमच्याकडे आल्यापासून कधी बोलला नव्हता. बोलून झाल्यावर त्याने फोन माझ्या हातात दिला आणि मान हलवली, काम फत्ते झाल्यासारखी.

हवालदाराचा आवाज बदलला. तो म्हणाला, "काहो, बुढा तर पोराच्या घरी आहो म्हणते. अन् तुमी म्हणता अनोळखी मानूस. सांभाळनं होत नाही म्हणून आमच्या गळ्यात बांधून राहिले का? लय पाहिले असे. बाप आहे ना तुमचा?"

सांगायला पुष्कळ होतं. तो मला कोणाचा मुलगा समजतो आहे हे मला माहीत नाही, त्याचं नावही माहीत नाही, हे म्हणायला तोंड उघडलंही. हवालदार रागावला होता, आणि तो म्हाताऱ्याच्या बाजूने रागावला होता. आमच्या बाबांच्या बाजूने त्या वर्षी असं कोणी रागावलं असतं तर मी त्याचे पाय धरले असते. म्हातारा माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "हो साहेब."

हवालदाराने मग कायदा सांगितला, आईबापांना वाऱ्यावर सोडलं तर काय होतं ते सांगितलं, मी प्रत्येक वाक्याला हो म्हणत गेलो. शेवटी तो निवळला. म्हणाला, या वयात असं होते जी, भान जाते, आपनच समजून घ्या लागते. आणि त्याने फोन ठेवला. मंगला दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, ती रागावेल, किंवा हसेल. ती खाली अंगणात आली, म्हाताऱ्याच्या पाठीवरचा दुमडलेला सदरा सरळ केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्याचे घरचे जेवत नसतील जी."

मला राग आला, तिचा नाही, कोणाचा ते कळलं नाही. तिचं बरोबर होतं आणि ते मला तिच्याआधी माहीत होतं. एका हो मध्ये मी त्या कुठल्याशा घराचं दार बाहेरून लावून घेतलं होतं, आणि त्या घरात कोणीतरी माझ्याच वयाचं माणूस विहिरी नि रूळ धुंडाळत बसलेलं असणार. मी खाटेवर बसलो आणि तोच नंबर पुन्हा लावला. सांगायचं ठरवलं, साहेब, मघाशी खोटं बोललो, हा माझा बाप नाही, म्हणाल तिथे याला घेऊन येतो. पलीकडे घंटी वाजू लागली. म्हातारा सरकून माझ्या शेजारी बसला, त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला. सकाळपासून मी देवाला म्हणत होतो की कोणीतरी लवकर उचलू दे. घंटी वाजत राहिली, आणि मी मनातल्या मनात म्हणू लागलो, सावकाश, साहेब, घाई नाही, मी थांबतो.